गेम ओव्हर नाही, बोर्ड गेलाय!

'मुस्तफा' हे नाव नुसतं काढलं तरी नव्वदच्या दशकात शाळेत असलेले दादा, मामा आणि काका एकदम हळवे होतात. गल्लीतलं अंधारं व्हिडिओ गेम पार्लर, घामेजलेल्या मुठीतलं नाणं आणि मागे उभं राहून "अरे मार, मार" असं ओरडणारी चार पोरं. या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९३ मध्ये आणला. आपल्याकडे मात्र त्यातल्या मुस्तफा या पात्राचंच नाव गेमला चिकटलं. आज तोच गेम कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर इम्युलेटर टाकून खेळता येतो.

म्हणजे गेमचा प्रोग्रॅम टिकला, कारण त्याची कॉपी करता येते. कॉपी करता येत नाही ती ज्या खोलगट, जड, काचेच्या पडद्यावर तो गेम उमटायचा त्या मॉनिटरची. अमेरिकेत जुन्या आर्केड मशीनचे शौकीन हजारोंनी आहेत. शिकागोजवळच्या ब्रुकफिल्डमधलं गॅलपिंग घोस्ट किंवा न्यू हॅम्पशायरमधलं फनस्पॉट अशा ठिकाणी आजही लोक जुन्या मशीनसमोर उभे राहून खेळतात. तिथले बरेच मॉनिटर चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे झालेत. एवढ्या वयात कुरबुरी असणारच. पण मॉनिटर 'गेला' म्हणजे नेमकं काय गेलं? बहुतेक वेळा काचेची ट्यूब ठणठणीत असते आणि दोष असतो तिच्याशेजारच्या एखाद्या सर्किट बोर्डावर. तो बोर्ड कोणता हे ओळखता आलं आणि पडद्यावरची लक्षणं वाचता आली, तर दोनपाच डॉलरच्या पार्टमध्ये मशीन पुन्हा उभं राहतं. नाही आलं, तर चांगली ट्यूबही भंगारात जाते. म्हणून हा विषय जरा खोलात जाऊन बघू या.

डब्यातला टीव्ही

१९७२ साली अमेरिकेतल्या अटारी कंपनीनं 'पाँग' या गेमचं पहिलं मशीन कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावातल्या एका बारमध्ये ठेवलं. त्यासाठी खास मॉनिटर वगैरे काही नव्हता. अ‍ॅल अल्कॉर्न या इंजिनीअरनं दुकानातून हिताची कंपनीचा साधा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणला आणि लाकडी डब्यात बसवला. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याची तक्रार आली. उघडून बघितलं तर नाण्यांचा डबा भरून वाहत होता!

पुढे या धंद्यासाठी खास मॉनिटर बनू लागले. शिकागोची वेल्स-गार्डनर ही मूळची रेडिओ बनवणारी कंपनी आणि कॅनडातल्या किचनर शहराची इलेक्ट्रोहोम, ही दोन मोठी नावं. जपानमध्ये सान्यो, नानाओ आणि इटलीत हँटारेक्स. पण आतली मांडणी टीव्हीचीच राहिली. फरक एवढाच, की टीव्हीला अँटेनाचा सिग्नल पकडायला ट्यूनर लागतो, आर्केड मॉनिटरला तो लागत नाही. गेमचा बोर्ड लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगवेगळ्या वायरवरून थेट पाठवतो. सोबत असतो 'सिंक' सिग्नल. नवी ओळ कधी सुरू करायची आणि पुन्हा वर कधी जायचं, हे तो मॉनिटरला सांगतो.

पिक्चर ट्यूबच्या मागच्या टोकाला तीन इलेक्ट्रॉन गन असतात. त्यांचे झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे, वरून खाली फिरतात. सेकंदाला सुमारे पंधरा हजार सातशे ओळी आणि साधारण साठ चित्रं. हा सगळा उद्योग काही ट्रान्झिस्टर, काही कॉइल आणि मूठभर कपॅसिटर मिळून करतात. म्हणजे दुरुस्तीसाठी रॉकेट सायन्स लागत नाही. लागतो तो धीर आणि सर्किटचा नकाशा.

कोण काय करतं?

मॉनिटर मागून बघितला तर तीन-चार गोष्टी लगेच नजरेत भरतात. ट्यूबच्या मानेच्या टोकाला एक छोटा बोर्ड खोचलेला दिसतो. हा नेक बोर्ड. तीन रंगांचे सिग्नल मोठे करून गनपर्यंत पोचवणं हे त्याचं काम. मानेभोवती तांब्याच्या तारांचं वेटोळं असतं, ते योक. झोताला वळवतं ते हेच. खाली किंवा बाजूला असतो मुख्य बोर्ड, म्हणजे चासी. पॉवर सप्लाय, आडवा आणि उभा झोत फिरवणारी सर्किटं इथे असतात. आणि चासीवर काळा, जाडजूड, लाल वायर बाहेर आलेला जो ठोकळा दिसतो, तो फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर. आपले टीव्ही मेकॅनिक त्याला 'एलओटी' किंवा 'ईएचटी' म्हणतात.

फ्लायबॅक हे नाव मजेशीर आहे. झोत ओळीच्या शेवटी पोचला की त्याला झटकन परत सुरुवातीला 'उडत' यावं लागतं. हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर त्या क्षणी करंट तोडतो आणि त्या झटक्यातून जो व्होल्टेजचा धक्का तयार होतो, तोच हा ट्रान्सफॉर्मर वीस हजार व्होल्टच्या घरात नेऊन ट्यूबला देतो. सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा हा खेळ चालतो. त्यामुळे सगळ्यात जास्त मार खातात ते हा ट्रान्झिस्टर आणि हा ट्रान्सफॉर्मर.

आधी नाव विचारा

समजा 'पॅक-मॅन'चं मशीन बिघडलंय. १९८० चा हा जपानी गेम अमेरिकेत मिडवे कंपनीनं विकला. मग याचा सर्किट नकाशा शोधायला 'पॅक-मॅन मॉनिटर' एवढं म्हणून भागेल का? नाही. कारण एकाच गेमच्या मशीनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांचे मॉनिटर बसवले जायचे. पॅक-मॅनच्या डब्यात वेल्स-गार्डनरचा के४६०० निघेल किंवा इलेक्ट्रोहोमचा जी०७. वर चाळीस वर्षांत मधल्या कुणीतरी मॉनिटरच बदललेला असू शकतो. म्हणून बाहेरच्या स्टिकरवर आणि चित्रांवर विश्वास ठेवायचा नाही. चासीची ओळख चासीवरूनच पटवायची.

पहिली खूण म्हणजे लेबल. धातूच्या फ्रेमवर किंवा बोर्डवर मॉडेल नंबर छापलेला असतो. लेबल उडालं असेल तर बोर्डवर छापलेले पार्ट नंबर बघायचे. तेही पुसट असतील तर बोर्डाची ठेवण बघायची. जी०७ मध्ये एकच मोठा आडवा बोर्ड असतो, सगळं त्याच्यावर. के४६०० मध्ये मात्र मुख्य बोर्डावर छोटे बोर्ड उभे खोचलेले असतात. त्यामुळे त्याचा नेहमीचा आजारही वेगळा. खोचलेल्या जागच्या पिना सैल होतात, त्यांच्या सोल्डरला बारीक भेगा पडतात. ऐंशीच्या दशकातच पुढे आलेला के७००० अजून सुटसुटीत, छोट्या बोर्डाचा. एकदा हे चेहरे ओळखीचे झाले की बाईकप्रेमी जसा नुसत्या टाकीवरून मॉडेल सांगतो, तसं सांगता येतं.

दुसरी खूण ट्यूबवर असते. अमेरिकन रंगीत ट्यूबच्या कागदी लेबलवर '१९व्हीएलयूपी२२' असा काहीतरी लांबलचक नंबर सापडतो. तो वरवर कोड वाटतो, पण उलगडतो सहज. सुरुवातीचा १९ म्हणजे पडद्याचं माप इंचांत, शेवटचा पी२२ म्हणजे आतला फॉस्फर, रंगीत टीव्हीत वापरला जाणारा.

तिसरी गोष्ट योक. चासी आणि योक ही जोडी जुळलेली असावी लागते. एका कंपनीची चासी दुसऱ्या कंपनीच्या योकला जोडली तर चित्र आक्रसेल, ताणलं जाईल किंवा ट्रान्झिस्टर जळेल. 'प्लग बसतोय म्हणजे चालतंय' हा नियम इथे लागू होत नाही.

ओळख न पटवता हात घातला की काय होतं, याचं मस्त उदाहरण म्हणजे १९८१ चा 'डाँकी काँग'. निनटेंडोनं त्यात सान्योचा २०ईझेड हा मॉनिटर वापरला. त्याला रंगांचा सिग्नल उलटा लागतो. म्हणजे सगळ्या जगाचे मॉनिटर जिथे जास्त व्होल्टेजला जास्त उजेड देतात, तिथे हा कमी व्होल्टेजला देतो. या मशीनला दुसरा कुठलाही साधा मॉनिटर जोडला तर फोटोच्या निगेटिव्हसारखं चित्र येतं. एखाद्याला वाटेल बोर्ड जळला. जळलेलं काहीच नसतं. शिवाय गेमच्या आवाजाचा अ‍ॅम्प्लिफायरही त्याच मॉनिटरसोबत असल्यानं, मॉनिटर बदलला की आवाजही गायब! सगळं नीट असताना मशीन मुकं होतं.

रेघांचे मॉनिटर

आर्केडमध्ये एक वेगळीच जमात आहे, व्हेक्टर मॉनिटरची. यात झोत ओळीओळीनं फिरतच नाही. कागदावर पेन्सिलनं काढावी तशी थेट रेघ काढतो. १९७९ च्या 'अ‍ॅस्टरॉइड्स'मधलं ते लखलखीत यान आणि दगड असे काढलेले आहेत. ठिपक्यांच्या पायऱ्या नाहीत, धारदार रेघ, आणि गोळी सुटली की काळ्या पडद्यावर ठिणगीसारखी चमक. त्यात इलेक्ट्रोहोमचा जी०५ किंवा वेल्स-गार्डनरचा १९व्ही२००० हा मॉनिटर निघतो. १९८१ च्या 'टेम्पेस्ट'मध्ये रेघा रंगीत झाल्या. त्यामागे होता वेल्स-गार्डनरचा ६१००.

या ६१०० चं नाव काढलं की मेकॅनिक उसासा टाकतात. इथे झोत कुठेही, कसाही पळवायचा असल्यानं वळवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर प्रचंड ताण येतो. ते बोर्डावर न बसवता फ्रेमच्या धातूवर स्क्रूनं आवळलेले असतात, गरम झाले तर उष्णता फ्रेममध्ये जावी म्हणून. तरीही ते जातात, आणि जाताना कधी कधी पॉवरचा भाग सोबत नेतात. या बोर्डावर एक छोटा लाल दिवा आहे, 'स्पॉट किलर'चा. झोत हलायचा थांबला तर तो एकाच जागी तळपत राहून पडद्याला भोक पाडल्यासारखा डाग पाडेल. म्हणून सर्किट झोतच बंद करतं आणि दिवा लावतं. नवखा माणूस लाल दिवा बघून मॉनिटर बिघडला असं समजतो. पण पुष्कळदा मॉनिटर धडधाकट असतो आणि गेमच्या बोर्डाकडून सिग्नलच येत नसतो.

पडदा काय सांगतो?

हाच मुद्दा सगळ्या मॉनिटरना लागू आहे. पहिला प्रश्न नेहमी असा: गेमचा आवाज येतोय का? नाणं टाकल्यावर मशीन प्रतिसाद देतंय का? येत असेल तर गेम चालू आहे आणि शोध मॉनिटरमध्ये घ्यायचा. तिथेही उगाच चाचपडायचं नाही. पडदा स्वतः बरंच सांगतो.

मधोमध एकच आडवी चमकदार रेघ दिसतेय? झोत डावी-उजवीकडे फिरतोय, पण वर-खाली जात नाहीये. म्हणजे उभं, व्हर्टिकल सर्किट गेलं. पॉवर सप्लाय आणि एलओटी चालू आहेत ही त्यातली चांगली बातमी. अशा वेळी ब्राइटनेस लगेच कमी करायचा, नाहीतर ती रेघ पडद्यावर कायमची कोरली जाते.

चित्राच्या कडा नागमोडी होतायत, सावलीचा जाड पट्टा हळूहळू वर सरकतोय? पॉवर सप्लायमधल्या मोठ्या फिल्टर कपॅसिटरकडे बोट जातं. एसीचा डीसी करताना उरलेले चढउतार त्यानं गिळायचे असतात. तो म्हातारा झाला की ते चित्रात उतरतात.

एकच रंग नाही, सगळं पिवळट किंवा निळसर दिसतंय? आधी नेक बोर्डावरचा त्या रंगाचा ट्रान्झिस्टर आणि सोल्डर बघायचं. हलकं टकटक केल्यावर रंग येतो-जातो, म्हणजे 'ड्राय सोल्डर', पिनेभोवती केसाएवढी भेग. तिथे नवं सोल्डर दिलं की काम फत्ते. कोपऱ्यात जांभळे-हिरवे डाग पडले असतील तर बोर्डाला दोष देऊ नका. बहुतेक पडद्यामागच्या धातूच्या जाळीत चुंबकत्व शिरलंय, ते डीगाउसिंग कॉइल फिरवून काढता येतं.

सगळंच काळोख असेल तर मानेत डोकवायचं. आत नारिंगी उजेड दिसतोय म्हणजे हीटरला वीज मिळतेय. चालू करताना पडद्याजवळ हातावरचे केस उभे राहिले म्हणजे हाय व्होल्टेजही आहे. दोन्ही नाही आणि फ्यूज उडालाय? मग हॉरिझाँटल आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असण्याची शक्यता दाट. पण इथेच खरी परीक्षा असते. ट्रान्झिस्टर बदलला, नवा फ्यूज टाकला, चालू केलं आणि पुन्हा फट! कारण ट्रान्झिस्टर हा बळी होता, गुन्हेगार एलओटी. आतली वेटोळी शॉर्ट झाली की तो ट्रान्झिस्टर खातच राहतो. आपल्याकडचे जुने टीव्हीवाले यासाठी सिरीजमध्ये साधा बल्ब लावून बोर्ड चालू करायचे. शॉर्ट असेल तर बल्ब भकन् पेटतो आणि नवा ट्रान्झिस्टर वाचतो. अमेरिकेतले आर्केड मेकॅनिकही बल्बची हीच युक्ती वापरतात. फ्यूज उडतोय म्हणून जास्त अँपिअरचा टाकणं हा मात्र सरळ आग लावायचा धंदा.

कॅप किटचा मोह

जुन्या मॉनिटरच्या जगात एक ठरलेला सल्ला ऐकू येतो: "कॅप किट टाक." कॅप किट म्हणजे त्या मॉडेलच्या बोर्डावरचे सगळे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एका पुडीत. आपले मेकॅनिक याला अजूनही कंडेन्सर म्हणतात. यात आतला ओलसर रासायनिक थर वर्षानुवर्षांच्या गरमीनं सुकत जातो. चाळीस वर्षांच्या बोर्डावर ते सगळे बदलणं शहाणपणाचंच आहे. त्यामुळे सल्ला चुकीचा नाही.

गडबड होते ती रोगनिदान टाळून औषध दिल्यावर. के४६०० समजून जी०७ चं किट मागवलं, तर मापं जुळत नाहीत. अधिक-उणे उलटं बसलं तर कपॅसिटर फटाक्यासारखा फुटतो. तीस कपॅसिटर एकदम बदलले आणि नंतर चित्रच आलं नाही, तर मूळ दोष कुठला आणि आपण नव्यानं घातलेला कुठला हे सांगता येत नाही. म्हणून जाणकार क्रम पाळतात. आधी बोर्ड ओळखा, फोटो काढा, फ्यूज आणि ट्रान्झिस्टर मल्टिमीटरनं तपासा, मूळ दोष काढा आणि मुख्य व्होल्टेज मोजा. जी०७ मध्ये ते १२० व्होल्ट असायला हवं. त्यानंतर कॅप किट, आणि एका वेळी एकच कपॅसिटर काढून त्याच जागी नवा.

एक अपवाद कायम लक्षात ठेवायचा. हॉरिझाँटल ट्रान्झिस्टरजवळचे काही कपॅसिटर हाय व्होल्टेज किती चढेल हे ठरवतात. तिथे 'जवळपासचं माप' चालत नाही. व्होल्टेज प्रमाणाबाहेर गेलं तर ट्यूब क्ष-किरण फेकू शकते. कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये अशा पार्टवर मुद्दाम खुणा केलेल्या असतात, त्या शोभेसाठी नाहीत.

हात घालण्याआधी

आता थोडं गंभीर. हा लेख वाचून घरातला माळ्यावरचा टीव्ही उघडायची खुमखुमी आली असेल तर थांबा. पिक्चर ट्यूब हाच एक मोठा कपॅसिटर असतो. प्लग काढून ठेवला तरी तिच्यात चार्ज राहतो, कधी कधी बराच काळ. लाल वायरच्या टोकाशी रबराची टोपी असते, तिच्याखाली तो दडलेला असतो. मेकॅनिक मूठ नीट इन्सुलेट असलेल्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून, तिचं दुसरं टोक ट्यूबच्या फ्रेमला लावून, मग टोपीखाली सरकवतात. 'टक्' असा आवाज येतो आणि चार्ज उतरतो. चालू मॉनिटरमध्ये हात घालायचाच असेल तर एकच, दुसरा पाठीमागे, म्हणजे करंटला छातीतून आरपार जायला रस्ता मिळत नाही. हातात अंगठी, घड्याळ नाही, आणि खोलीत दुसरं माणूस हवंच.

अजून एक खाचखळगा. जी०७ किंवा के७००० सारख्या मॉनिटरना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो डब्यात वेगळा बसवलेला असतो. मॉनिटर डब्यातून काढून टेबलावर थेट मेन्सला जोडला तर बोर्ड जळू शकतोच, पण धातूची फ्रेमही 'गरम' होते, म्हणजे तिच्यात करंट येतो. त्यात ही यंत्रं अमेरिकेच्या ११०-१२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. त्यामुळे पहिले हात शिकलेल्या माणसासोबतच चालवायचे. व्हिडिओ बघून शिकण्यासारखं जगात खूप काही आहे, पण हे त्यात येत नाही.

नळी संपली की संपलं

बोर्ड दुरुस्त होतो. ट्रान्झिस्टर, कपॅसिटर नवे मिळतात. अनेक मॉडेलसाठी एलओटी, अगदी पूर्ण चासीसुद्धा नव्यानं बनवलेली मिळते. पण आर्केडसाठी रंगीत पिक्चर ट्यूब आता कुणी बनवत नाही. जगात आहेत तेवढ्याच. पॅक-मॅनच्या जुन्या मॉनिटरवर बंद असतानाही त्या भुलभुलैयाच्या निळ्या भिंतींचा ठसा दिसतो. वर्षानुवर्षं तेच चित्र तिथे जळत राहिल्यानं फॉस्फर झिजलाय. तो पुसता येत नाही.

झिजलेल्या गनना तरतरी आणायला रीजुव्हिनेटर नावाचं यंत्र मिळतं. ते गनवर जोरात करंट सोडून वरचा मळ जाळून टाकतं. कधी ट्यूब पुन्हा टवटवीत होते, कधी उरलीसुरली गनही जाते. म्हणून तो शेवटचा उपाय. आणि सगळ्यात जास्त ट्यूब मरतात त्या तर निव्वळ धसमुसळेपणानं. नेक बोर्ड वाकडा ओढला, मानेच्या टोकाची बारीक काच तडकली, 'फिस्स' आवाज आला, हवा आत. मानेच्या आत चंदेरी डाग असतो, तो पांढरा पडला की समजायचं, ही ट्यूब गेली.

मग एलसीडी लावायचा? लावतात अनेकजण. चित्र दिसतं, मशीन चालतं. पण ज्या कलाकारांनी त्या काळात ठिपके रंगवले, त्यांनी ते ट्यूबच्या मऊ कडा आणि ओळींमधली काळी रेघ डोळ्यांसमोर ठेवून रंगवले होते. व्हेक्टर गेमची गोष्ट तर अजून अवघड. तिथे एलसीडीला मुळात रेघ काढता येत नाही, ठिपके जोडून तो रेघेची नक्कल करतो. 'अ‍ॅस्टरॉइड्स'मधल्या गोळीची ती डोळ्यात भरणारी चमक त्यात हरवते. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचं स्ट्राँग म्युझियम ऑफ प्ले व्हिडिओ गेमचा इतिहास जपतं. तिथल्यासारख्या ठिकाणी जुनं मशीन चालू ठेवायचं तर हाती सोल्डरिंग घेतलेला माणूस लागतोच. जुनी वस्तू काचेच्या पेटीत ठेवून जपता येते, गेम मात्र चालू असेल तरच गेम.

आपल्या गल्लीतला एक्स्पर्ट

आता आपल्याकडे या. एकेकाळी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड होता. तो करून बाहेर पडलेल्यांनी गावोगावी दुकानं थाटली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ इथून पार्ट आणायचे आणि रविवारी रामायण सुरू व्हायच्या आत कुणाकुणाचे टीव्ही चालू करून द्यायचे. एलओटी, योक, ड्राय सोल्डर, सिरीज बल्ब हे शब्द त्यांच्या तोंडी असायचे. अमेरिकेतल्या ज्या मॉनिटरबद्दल आपण इतकं बोललो, त्यांच्यात आणि आपल्या घरातल्या जुन्या रंगीत टीव्हीत फरक फार थोडा. आपला टीव्ही सेकंदाला १५,६२५ ओळी काढायचा आणि पन्नास वेळा पडदा रंगवायचा, तिकडचा साठ वेळा. बाकी तत्त्व तेच.

फ्लॅट टीव्ही आले, पॅनल गेलं की पूर्ण सेटच बदला असा जमाना आला, आणि या लोकांची दुकानं मोबाइल रिचार्जची झाली. पण त्यांच्या डोक्यातला तो नकाशा अजून तिथेच आहे. एक आडवी रेघ बघून "व्हर्टिकल गेलंय" असं चहाचा कप खाली न ठेवता सांगणारे काका तुमच्या आसपास नक्की असतील. इंजिनीअरिंगच्या पुस्तकात डिफ्लेक्शन सर्किटवर चार पानं असतील, त्यांच्याकडे पंचवीस वर्षांचे किस्से आहेत. कोणता पार्ट आधी बघायचा, कोणता आवाज ऐकून प्लग ओढायचा, हे पुस्तकात सापडत नाही.

इलेक्ट्रॉनिक्स शिकत असाल, रेट्रो गेमिंगचं वेड असेल किंवा नुसतंच 'हे चालतं कसं' हा किडा डोक्यात असेल, तर एखाद्या शनिवारी त्या दुकानात जाऊन बसा. त्यांच्या माळ्यावर एखादा जुना सेट पडलेला असेलच. "काका, हा उघडून दाखवता का?" एवढंच विचारा. डिस्चार्ज त्यांना करू दे, बोर्ड कोणता ते तुम्ही ओळखायचा प्रयत्न करा. चुकलात तर ते हसतील, आणि मग नीट सांगतील.